नाशिकची काठी आणि कोलकात्याचे घड्याळ

दरवर्षी २० मेच्या सुमारास नाशिकमध्ये भर दुपारी सरळ उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. नाशिकचा अक्षांश जवळजवळ २० अंश उत्तर आहे. उत्तरायणात सूर्याची क्रांती वाढत वाढत २० अंशांना पोचली, की त्या दिवशी मध्यान्हीचा सूर्य नाशिकच्या बरोबर डोक्यावर येतो. परतीच्या वाटेवर, २३ जुलैच्या सुमारास, तो पुन्हा एकदा तेथून जातो; पण नाशिकच्या जुलैमध्ये दुपारी सूर्य दिसला तर तीच बातमी व्हायची. म्हणून आम्ही हा प्रयोग मे महिन्यातल्या उन्हाळी शिबिरात करतो.

काही वर्षांपूर्वीच्या शिबिरात नववीच्या दोन विद्यार्थ्यांनी सावली नाहीशी होण्याची नेमकी वेळ संगणकाकडून काढून घ्यायचे ठरवले. पायथॉन भाषेत त्यांनी तीसेक ओळींची आज्ञावली लिहिली. दुपारी १२ ते १ या तासातले प्रत्येक मिनिट घ्यायचे, त्या मिनिटाला सूर्य आकाशात किती उंचीवर असेल ते काढायचे, आणि सर्वांत जास्त उंची कोणत्या मिनिटाला येते ते छापायचे. सूर्याचे स्थान काढण्याचे गणित त्यांनी स्वतः केले नव्हते. त्यासाठी इंटरनेटवरून एक तयार 'लायब्ररी' घेतली होती. भारतीय प्रमाणवेळेचे ग्रिनिच वेळेत रूपांतर करण्यासाठी दुसरी एक लायब्ररी घेतली होती. उत्तर आले १२ वाजून ५४ मिनिटे.

मैदानावर एक मीटर लांबीची काठी ओळंब्याने सरळ उभी केली आणि १२.१० पासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करत गेलो. १२.३१ ला सावली काठीच्या बुंध्यातच विरली. मग ती पूर्वेकडे निघाली. आज्ञावलीने सांगितलेल्या १२.५४ ला ती चांगली ९ सेंटिमीटर लांब झाली होती.

मुलांचा विश्वास अर्थातच संगणकावर होता. काठी तिरपी असेल, घड्याळ पुढे-मागे असेल, नाशिकचा रेखांश चुकीचा टाकला असेल, अशा शंका निघाल्या. तेव्हा कागदावर साधा हिशोब केला. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशाची. नाशिकचा रेखांश सुमारे ७३ अंश ४७ मिनिटे. फरक ८ अंश ४३ मिनिटे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणजे नाशिकला सूर्य सुमारे ३५ मिनिटे उशिरा माथ्यावर येणार. त्यातून मे महिन्यातला काल-समीकरणाचा फरक, सुमारे साडेतीन मिनिटे, वजा करायचा. उत्तर १२.३१. काठी बरोबर होती.

मग २३ मिनिटे कुठून आली? एका मुलीने सुचवले, की वेळेच्या लायब्ररीला भारत ग्रिनिचच्या किती पुढे आहे असे वाटते तेच छापून पाहावे. छापले. उत्तर आले ५ तास ५३ मिनिटे.

आपल्यापैकी बहुतेकांनी हा आकडा कधी ऐकलेला नसेल. पण तो चुकीचा नाही, जुना आहे. कोलकात्याचा रेखांश ८८ अंश २२ मिनिटे. त्याला चारने गुणले तर ५ तास ५३ मिनिटे २८ सेकंद येतात. हे कोलकात्याचे स्थानिक सौर घड्याळ. प्रमाणवेळ अस्तित्वात येण्यापूर्वीचे, १८५४ च्या आधीचे. नाशिकच्या मैदानावर मे महिन्याच्या उन्हात उभ्या असलेल्या मुलांना त्यांची आज्ञावली एकोणिसाव्या शतकातल्या कोलकात्याची वेळ लावत होती.

कपाटातली लायब्ररी

लायब्ररी या शब्दाचे भाषांतर आपण ग्रंथालय असे करतो; संगणकाच्या संदर्भात ते थोडे विचित्र वाटते. पण प्रारंभी ती खरोखरच कपाटात ठेवलेली वस्तू होती. केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांनी बांधलेल्या एडसॅक या संगणकावर ६ मे १९४९ रोजी पहिली आज्ञावली चालली. लवकरच लक्षात आले, की प्रत्येक संशोधक तीच ती कामे पुन्हा पुन्हा लिहितो आहे. वर्गमूळ काढणे, ज्या-कोज्या काढणे, आकडे छापणे. प्रत्येक जण त्यात नव्याने चुकाही करतो. तेव्हा अशा प्रत्येक कामाची एकदाच काळजीपूर्वक तपासलेली उपआज्ञावली तयार करून छिद्रांच्या कागदी फितीवर ठेवण्यात आली. ज्याला हवी त्याने कपाटातून फीत काढायची, यंत्रावर तिची नक्कल करायची आणि ती आपल्या फितीला जोडायची. १९५१ पर्यंत अशा ८७ उपआज्ञावली जमा झाल्या होत्या. त्याच वर्षी विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी या पद्धतीवर पुस्तक लिहिले. आज्ञावली-लेखनावरच्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी ते एक.

उपआज्ञावलीकडे जायचे आणि काम संपल्यावर जेथून निघालो तेथेच परत यायचे, ही युक्ती व्हीलर यांची. पण शिक्षकांनी लक्षात घ्यावी अशी त्यांची आणखी एक गोष्ट आहे. १९५२ मध्ये त्यांनी या विषयावर दोनच पानांचा एक निबंध वाचला. त्यात ते म्हणतात, की उपआज्ञावली लिहून झाली, तपासून झाली, तरी एक काम उरते: आतली रचना माहीत नसलेल्यालाही ती वापरता यावी असे तिचे वर्णन लिहिणे. आणि हे काम कदाचित सर्वांत अवघड असते.

आपल्याकडे ही पद्धत संगणकाबरोबरच आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला संगणक १९६० च्या सुमारास कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हा मोठा अमेरिकी संगणक आला आणि बाहेरचे संशोधकही त्यावर आपली गणिते करून घेऊ लागले. फोर्ट्रान भाषेत 'साइन' असा एक शब्द लिहिला की ज्या मिळायची. ती कोणत्या श्रेढीने काढली, किती दशांशांपर्यंत खरी, हे पाहायला फारसे कोणी थांबत नसे.

खरे तर दुसऱ्याने केलेले गणित आपल्या गणितात बसवण्याची सवय महाराष्ट्राला संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे. आपले पंचांगकर्ते पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आले. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० मध्ये 'ग्रहलाघव' लिहिले. सिद्धान्तग्रंथावरून ग्रहस्थिती काढायची तर युगारंभापासूनच्या दिवसांची प्रचंड संख्या, म्हणजे अहर्गण, घेऊन बसावे लागे. गणेशाने ४,०१६ दिवसांचे, सुमारे अकरा वर्षांचे, एक चक्र धरले आणि आकडे आटोक्यात आणले. ज्या-चापांची कटकटही त्याने काढून टाकली. त्यांच्या जागी साध्या गुणाकार-भागाकाराची सूत्रे दिली. तिथीसाठी तर त्याने वेगळी कोष्टकेच दिली. ज्याला सिद्धान्त समजत नाही असा गावोगावचा जोशीही आता पंचांग करू शकत होता. लायब्ररीचा उपयोग याहून वेगळा काय असतो?

आणि तिचा धोकाही तोच. कोष्टक करणाऱ्याने धरलेले ध्रुवांक काळाबरोबर आकाशापासून दूर सरकत गेले, वापरणारे मात्र कोष्टकावर बोट ठेवून तिथी सांगत राहिले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये युरोपीय गणितावर आधारलेली 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत छापली आणि त्यांवरून नवे पंचांग निघू लागले, तेव्हा मोठा वाद झाला. त्या वादाचा पुष्कळसा भाग धर्मशास्त्राचा होता, हे खरे. पण त्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न होता: कोष्टकात एक आहे आणि आकाशात दुसरेच दिसते आहे, तर कोणाचे खरे मानायचे? आमच्या मैदानावरच्या मुलांसमोर नेमका तोच प्रश्न उभा होता.

पहिली ओळ

आता त्या ५ तास ५३ मिनिटांकडे वळू. जगातले बहुतेक संगणक आणि मोबाइल फोन स्थानिक वेळेसाठी एकाच मूळ नोंदसंग्रहाचा आधार घेतात. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काम करणाऱ्या आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात त्याची सुरुवात केली. पुढे लॉस एंजेलिस येथील पॉल एगर्ट यांनी त्याची देखभाल पाहिली. कोणत्या प्रदेशातले घड्याळ कोणत्या तारखेपासून ग्रिनिचच्या किती पुढे किंवा मागे होते, याच्या त्यात ओळीमागून ओळी आहेत. जगभरचे लोक पत्रे पाठवून त्यांत भर घालत आले, चुका दाखवत आले. यासाठी कोणी कोणाला पैसे दिले नाहीत.

भारतासाठी या संग्रहात एकच नोंद आहे. तिचे नाव 'एशिया/कोलकाता'. पूर्वी ते 'एशिया/कलकत्ता' असे होते. जुन्या आज्ञावली बंद पडू नयेत म्हणून ते नावही चालू ठेवले आहे. या नोंदीतल्या ओळी साधारण अशा वाचता येतील. १८५४ पर्यंत कोलकात्याची स्थानिक वेळ, ५ तास ५३ मिनिटे २८ सेकंद. मग त्यात आठ सेकंदांचा बदल. १८७० पासून मद्रासची वेळ, ५ तास २१ मिनिटे १० सेकंद. १ जानेवारी १९०६ पासून ५ तास ३० मिनिटे. मग दुसऱ्या महायुद्धातले काही बदल, आणि १५ ऑक्टोबर १९४५ पासून पुन्हा ५ तास ३० मिनिटे. तेव्हापासून आजपर्यंत हीच ओळ चालू आहे.

मुलांनी घेतलेली लायब्ररी हाच संग्रह वापरत होती. तारखेला प्रदेश जोडण्याची एक ठरावीक पद्धत तिने सांगितली होती: आधी तारीख लायब्ररीच्या हाती द्यायची, म्हणजे ती योग्य ओळ निवडते. मुलांनी प्रदेशाचे नाव परस्पर तारखेला चिकटवले. त्या वेळी लायब्ररीला तारीख ठाऊकच नव्हती, म्हणून तिने पहिली ओळ उचलली. सेकंद ती सोडून देत असे, म्हणून ५३ मिनिटे. संगणकाने चुकीची सूचना दिली नाही, आज्ञावली अडली नाही. सगळे सुरळीत चालले आणि उत्तर चुकले. लायब्ररीच्या माहितीपत्रकात 'असे करू नका' असे स्पष्ट लिहिले होते. मुलांनी ते वाचले नव्हते. आज्ञावली तपासून बरोबर म्हणणारा मी, मीही वाचले नव्हते. व्हीलर यांनी सांगितलेले अवघड काम त्या लायब्ररीच्या लेखकाने केले होते. आमच्याकडून वाचण्याचे सोपे काम झाले नाही. (२०२० पासून पायथॉनमध्येच अंतर्भूत झालेल्या वेळेच्या लायब्ररीत हा सापळा राहिलेला नाही. मूळ संग्रह मात्र तोच आहे.)

एक ओळ बदलली आणि आज्ञावली १२.३१ सांगू लागली. विषय येथे संपायला हरकत नव्हती. पण एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, यात नाशिकची ओळ कुठे आहे?"

नाशिकला किती वाजले होते?

यात नाशिकची ओळ नाही. मुंबईचीही नाही. त्याचे कारण संग्रहाच्या नियमात आहे. ज्या प्रदेशातली घड्याळे १ जानेवारी १९७० नंतर नेहमी एकसारखी चालली, त्या सगळ्या प्रदेशाला एकच नोंद आणि तिला तिथल्या एखाद्या मोठ्या शहराचे नाव. १९७० च का, तर युनिक्स प्रणालीत काळाची मोजणी त्या दिवसापासून सुरू होते म्हणून. त्याआधीच्या ओळी त्या एका शहराच्या इतिहासाच्या आहेत, आणि त्यांची हमी नाही, असे संग्रह स्वतःच सांगतो.

आता नाशिकचा इतिहास पाहा. रेल्वे येण्यापूर्वी येथे घड्याळाचा प्रश्नच नव्हता. सूर्योदयापासून घटी-पळे मोजली जात. १८६५ मध्ये थळ घाटातली कसारा ते इगतपुरी ही लोहमार्गाची चढण खुली झाली आणि मुंबईहून नाशिकच्या बाजूला सरळ गाडी येऊ लागली. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता यांच्यामधला लोहमार्ग जबलपूरवरून जोडला गेला. या दोन शहरांच्या घड्याळांत तासाहून थोडा जास्त फरक होता. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, कलकत्त्याची ५ तास ५३. वेळापत्रक कोणाच्या वेळेने छापायचे? रेल्वेने दोघांनाही सोडून मद्रासची वेळ घेतली. तेथे वेधशाळा होती, आणि तिची ५ तास २१ मिनिटे ही वेळ त्या दोन्हींच्या जवळजवळ अगदी मध्यावर पडत होती. विद्यार्थ्यांना सरासरी काढून पाहायला सांगावी.

म्हणजे १८७० नंतर नाशिक रोड स्थानकावरचे घड्याळ मद्रासची वेळ दाखवणार, आणि ती नाशिकच्या सूर्यापेक्षा २६ मिनिटे पुढे. पण स्थानक म्हणजे गाव नव्हे. संग्रहातली ओळ मात्र १८७० पासून अख्ख्या भारताला मद्रासची वेळ लावते.

याचे एक उदाहरण घेऊ. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. त्या दिवशी त्र्यंबकला घड्याळे ग्रिनिचच्या किती पुढे होती, असे आपल्या आज्ञावलीला विचारले तर ती क्षणाचाही विलंब न लावता ५ तास २१ मिनिटे सांगेल. त्र्यंबकच्या रेखांशावरून तेथील सौर वेळ ४ तास ५४ मिनिटे येते. फरक २७ मिनिटांचा, एक घटिकेहून थोडा अधिक. ज्या गावात रेल्वे नाही, जिथे जन्मवेळ सूर्योदयानंतरच्या इष्टघटींत लिहिली जाई, तिथे मद्रासचे घड्याळ कोणी पाहिले असेल? पत्रिकेतल्या घटी-पळांचे तासांत रूपांतर करून ही लायब्ररी वापरणारा प्रत्येक जण ही एक घटिका नकळत इकडची तिकडे करतो.

मुंबईची कथा तर आणखी गुंतागुंतीची आहे. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांसाठी मद्रासची वेळ लागू केली. शहराने ती मनावर घेतली नाही आणि १८८३ मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून नवी भारतीय प्रमाणवेळ आली, तेव्हा मुंबईची घड्याळे ३९ मिनिटे पुढे करायची होती. रेल्वे, तार आणि सरकार यांनी ती केली. गिरणी कामगारांत मात्र असंतोष माजला, कारण घड्याळ पुढे सरकवले की सकाळी तितके आधी, अंधारात कामावर यावे लागणार. नगरपालिकेने आपली घड्याळे मुंबईच्याच वेळेवर ठेवली. एकाच शहरात पुढे चार दशकांहून अधिक काळ दोन वेळा नांदल्या. स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात, मुंबईची वेळ शेवटी निघून गेली. 'एशिया/कोलकाता' या नोंदीत यातले एक अक्षर नाही. असावे असा संग्रहाचा दावाही नाही.

येथवर वाचून कोणाला वाटेल, की मग अशा लायब्ररीवर विसंबूच नये. साडेपाच तास मिळवायचे, झाले! नाशिकमधल्या आजच्या सावलीसाठी हे चालते, आणि माझे मत विचाराल तर तीस ओळींच्या आज्ञावलीत तेच अधिक शहाणपणाचे होते. पण आता उलट बाजू पाहा. १९४३ मधल्या एखाद्या दुपारची नोंद हाती आली, समजा खग्रास उन्हात कोणी सावली मोजल्याची, आणि त्यात मध्यान्ह दीडच्या पुढे लिहिलेला असला, तर साडेपाच तास मिळवणारा माणूस ती नोंद चुकीची म्हणून बाजूला ठेवील. लायब्ररी ठेवणार नाही. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात भारतातली घड्याळे एक तास पुढे, म्हणजे ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे होती. आमच्या शिबिरातल्या एकाही शिक्षकाला हे ठाऊक नव्हते. कोणी तरी अमेरिकेत बसून ते शोधले, नोंदले, आणि ते आम्हाला फुकट मिळाले.

दूरच्या देशांचे तर विचारूच नका. न्यू जर्सीतल्या मुलीला फोन कधी करावा याचा हिशोब उन्हाळ्यात एक आणि हिवाळ्यात दुसरा, हे घरोघरी माहीत झाले आहे. ती घड्याळे कोणत्या रविवारी बदलतात याचा नियमच अमेरिकेने २००७ पासून बदलला. ज्यांनी जुना नियम आपल्या आज्ञावलीत हाताने लिहून ठेवला होता, त्यांची आज्ञावली त्या मार्चमध्ये तीन आठवडे एक तास चुकत राहिली. ज्यांनी संग्रहाची नवी आवृत्ती घेतली होती, त्यांना काही करावे लागले नाही.

ज्योतिषांचा खटला

या संग्रहाचा सांभाळ हाही एक प्रश्नच आहे. ३० सप्टेंबर २०११ रोजी ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर अमेरिकेत खटला भरला गेला. फिर्यादी होती ॲस्ट्रोलेब नावाची कंपनी. तिचा धंदा फलज्योतिषाच्या आज्ञावली विकण्याचा. जुन्या काळची स्थानिक वेळ कोणाला सर्वांत जास्त हवी असते? जन्मकुंडली मांडणाऱ्याला! त्यासाठी तयार केलेल्या एका छापील ॲटलासचे हक्क आपल्याकडे आहेत आणि संग्रहातल्या जुन्या ओळी त्यावरून घेतल्या आहेत, असे कंपनीचे म्हणणे होते. ओल्सन यांच्याकडचा संग्रह काही काळ इंटरनेटवरून काढून घेतला गेला. जगभरच्या संगणकांनी वेळ दाखवणे थांबवले नाही, कारण प्रती सगळीकडे होत्या. पण पुढच्या दुरुस्त्या कोण करणार हे कोणालाच सांगता येईना. दोनच आठवड्यांत, ऑक्टोबर २०११ मध्ये, इंटरनेटवरील नावे आणि क्रमांक यांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने तो आपल्या छत्राखाली घेतला. फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने खटला मागे घेतला. अमुक दिवशी अमुक गावात घड्याळ किती पुढे होते ही घडलेली गोष्ट आहे, आणि घडलेल्या गोष्टींवर कोणाची मालकी नसते, हे तिला मान्य करावे लागले.

एवढ्या मोठ्या गोष्टीचा भार दोन माणसांच्या सवडीवर होता, हे त्या खटल्याने जगाला कळले. मार्च २०१६ मध्ये तर याहून गमतीचा प्रकार घडला. आकड्याच्या किंवा अक्षरांच्या डावीकडे रिकाम्या जागा भरून ठरावीक लांबी करणारी, जेमतेम अकरा ओळींची 'लेफ्ट-पॅड' नावाची एक लायब्ररी होती. एका वादातून रागावून तिच्या लेखकाने ती इंटरनेटवरून काढून घेतली, आणि तिच्यावर उभ्या असलेल्या हजारो आज्ञावलींची बांधणी काही तास अडली. हे काम आठवीतला मुलगा अर्ध्या तासात करील. पण बहुतेकांना आपण ती वापरतो हेच माहीत नव्हते. त्यांनी घेतलेल्या लायब्ररीने घेतलेल्या लायब्ररीने ती घेतली होती.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी मुलांनी आज्ञावली नीट केली. सूर्याच्या स्थानाची लायब्ररी तशीच ठेवली. ते गणित पुन्हा लिहिण्यात अर्थ नव्हता आणि काठीने तिला बरोबर ठरवले होते. वेळेची लायब्ररीही ठेवली, कारण त्यांना पुढे युद्धकाळातल्या तारखा तपासून पाहायच्या होत्या. मात्र आज्ञावलीच्या डोक्यावर, संगणक वाचत नाही आणि माणूस वाचतो अशा ओळींत, त्यांनी मराठीत लिहिले: ही वेळ कोलकात्याच्या नोंदीवरून घेतली आहे, १९०६ च्या आधीच्या तारखांना नाशिक आणि त्र्यंबकसाठी वापरू नये, रेखांशाला चारने गुणावे, मुंबईसाठी १९५५ पर्यंत सावध राहावे, आणि पहिल्यांदा चालवताना आजच्या दिवसाचे उत्तर काठीशी ताडून पाहावे.

पुढच्या वर्षी त्यांतला एक जण दहावीत गेला आणि शिबिराला आला नाही. दुसरी त्याच आज्ञावलीने काढलेली वेळ कागदावर लिहून, ओळंबा आणि खडू घेऊन, बारालाच मैदानावर हजर होती.